नवी रॅम टाकली, आठ दिवस चालली, मग पुन्हा काळी स्क्रीन

घरी असेंबल केलेला पीसी. ८ जीबीच्या दोन स्टिक आधीपासून होत्या, रिकाम्या दोन स्लॉटमध्ये आणखी दोन बसवल्या. टास्क मॅनेजरमध्ये ३२ जीबी दिसली, आठवडाभर सगळं सुरळीत. मग एका सकाळी बटण दाबलं तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'. कॅबिनेट उघडून स्टिक काढल्या, खोडरबराने घासल्या, परत बसवल्या की पीसी चालू. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच. कधी काळ्या स्क्रीनऐवजी चालू कामात निळी स्क्रीन येते आणि तिच्यावरचा मजकूर दर वेळी वेगळा असतो: एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', एकदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. मजकूर सतत बदलतो, हीच रॅमकडे बोट दाखवणारी खूण. एखादा ड्रायव्हर बिघडला असेल तर बहुधा एकच नाव पुन्हा पुन्हा येतं.

या दुखण्यात सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे 'काढून लावली की चालते' हा अनुभव. तो उपाय नव्हे. स्टिक काढून परत लावताना एकाच वेळी तीन गोष्टी घडतात. सोनेरी पट्ट्यांवरचा मळकट थर घासला जातो. अर्धवट वर राहिलेली स्टिक नीट खाली बसते. आणि मदरबोर्ड बऱ्याचदा ट्रेनिंग पहिल्यापासून करतो. ट्रेनिंग म्हणजे प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर प्रत्येक तारेवर सिग्नल किती उशिरा पाठवायचा, किती व्होल्टेजला 'एक' मानायचं, हे करून बघून ठरवतो. बहुतेक बोर्ड हे आकडे साठवून ठेवतात आणि पुढच्या वेळी तेच वापरतात. तिन्ही गोष्टी एकदम झाल्या की नेमक्या कशाने बरं वाटलं ते कळत नाही, म्हणून दुखणं परत येतं. पुढची सगळी तपासणी ही तीन कारणं एकमेकांपासून सुटी करण्यासाठी आहे. म्हणून आज कॅबिनेट उघडण्याची घाई करू नका.

आधी डेटा

रॅम संशयित असताना त्या पीसीवर महत्त्वाचं काम करू नका. खराब मेमरीतून गेलेली फाईल डिस्कवर खराबच लिहिली जाते आणि तसं कुठेही दाखवलं जात नाही. टॅलीचा डेटा, लग्नाच्या ऑर्डरचे फोटो, कंपनीची ऑटोकॅड ड्रॉइंग यांचा जुना बॅकअप असेल तर त्यावर नवा चढवू नका. वेगळ्या फोल्डरमध्ये किंवा वेगळ्या डिस्कवर घ्या. नाहीतर चांगली प्रत पुसली जाते आणि बिघडलेली उरते.

दुसरं, विंडोज ११ मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते बघा. बायोस (बोर्डाचा स्वतःचा, विंडोजच्याही आधी चालणारा प्रोग्रॅम) रीसेट, बायोस अपडेट किंवा सिक्युअर बूट बंद करणं यांपैकी काहीही केल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच कागदावर उतरवून घ्या. रॅम दुरुस्त झाली आणि डिस्क कुलूपबंद राहिली, असं होऊ देऊ नका.

पहिली परीक्षा कॅबिनेट न उघडता

बायोसमध्ये जा आणि एक्सएमपी, म्हणजे कंपनीने स्टिकमध्ये भरलेला जादा वेगाचा प्रोफाइल, बंद करा. एएमडीच्या डीडीआर५ (डीडीआर४ नंतरची रॅमची पिढी) बोर्डांवर याचं नाव एक्सपो असतं, एसूसच्या जुन्या एएमडी बोर्डांवर डीओसीपी. सेव्ह करा आणि महत्त्वाचं काम सोडून पीसी रोजच्यासारखा वापरा. दोन आठवड्यांत एकदाही काळी स्क्रीन आली नाही तर स्टिक खराब नाहीत, वेग झेपत नाहीये. बरीच प्रकरणं इथेच संपतात, आणि तरीही ही परीक्षा सोडून लोक थेट नवी रॅम घ्यायला जातात, याचं वाईट वाटतं.

वेग का झेपत नाही? खोक्यावर डीडीआर४ ३२०० लिहिलेलं असलं तरी गेमिंगच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्टिकचा मूळ वेग २१३३, २४०० किंवा २६६६ असतो, १.२ व्होल्टवर. ३२०० हा एक्सएमपी प्रोफाइलचा वेग, १.३५ व्होल्टवर. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या ते ओव्हरक्लॉकिंग, मूळ वेगाच्या पुढे पळवणं. कंपनीने ते दोनच्या जोडीवर तपासलेलं असतं. दोन वेगवेगळ्या जोड्या एकत्र केल्या की तपासलेला चारचा संच तयार होत नाही; बोर्ड एका स्टिकचा प्रोफाइल वाचून चौघींना तोच लावतो.

शिवाय चार स्टिकचा बोजा मेमरी कंट्रोलरवर पडतो. एएमडीने स्वतः दिलेले आकडेच पाहा. रायझन ३००० आणि ५००० मालिकेत दोन स्टिकला ३२००, चार सिंगल रँक स्टिकला (रँक म्हणजे एका वेळी एकत्र काम करणारा चिप्सचा गट) २९३३, चार ड्युअल रँक स्टिकला २६६७. एएम५ वर, म्हणजे एएमडीच्या डीडीआर५ वाल्या सॉकेटवर, तर उतार फारच मोठा: रायझन ७००० ला दोन स्टिकवर ५२००, चार स्टिकवर ३६००. रायझन ९००० ला दोनवर ५६००, चारवर पुन्हा ३६००च. खोक्यावर ६००० लिहिलेल्या चार स्टिक टाकून एक्सपो चालू करायचं आणि स्थिर चालावं अशी अपेक्षा ठेवायची, हे प्रोसेसरने दिलेल्या हमीच्या कितीतरी पलीकडचं आहे. चालतं कधी कधी. पण 'कधी कधी' म्हणजेच तुमचा आजार.

वेगाचा मोह सोडायला एक हिशेब उपयोगी पडतो. डीडीआर४ ३२०० च्या एका चॅनेलमधून (प्रोसेसर आणि रॅममधला डेटाचा स्वतंत्र मार्ग) सेकंदाला २५.६ जीबी जातात, दोन चॅनेलमधून ५१.२. वेग २९३३ वर आणला तर दोन चॅनेलचे साधारण ४६.९ होतात, म्हणजे आठ टक्के घट. फोटो एडिटिंग, डीटीपी, टॅली, अभ्यास यांत ती जाणवणारही नाही. चुकीच्या स्लॉटमुळे एकच चॅनेल चालू राहिला तर मात्र निम्मं गेलं, आणि तिकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं.

म्हणून पद्धत अशी. एक्सएमपी चालू ठेवा म्हणजे टायमिंग आणि व्होल्टेज भरले जातील, आणि मेमरी फ्रिक्वेन्सी तेवढी हाताने खाली आणा: ३२०० वरून ३०००, मग २९३३, मग २६६६. कमांड रेट (आदेशासाठी किती ठोके द्यायचे ती सेटिंग) १टी असेल तर २टी करा. प्रत्येक पायरीवर रात्रभर मेमरी टेस्ट (ती कशी करायची ते पुढे 'रात्रभराची तपासणी'मध्ये आहे). जिथे स्वच्छ निघते तिथे थांबा. व्होल्टेज वाढवून ३२०० गाठण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. घरच्या कामाच्या पीसीसाठी तो आम्हाला पटत नाही. आठ टक्क्यांसाठी मेमरी कंट्रोलरला कायमचा ताप कशाला?

एक गैरसमज इथेच काढून टाकू. एच४१० किंवा बी४६० बोर्डावर दहाव्या पिढीचा आय५ असेल तर ३२०० ची स्टिक २६६६ वरच चालणार. ती मर्यादा त्या जोडीची आहे, दुकानदाराने फसवलेलं नाही. आणि सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १६०० दिसलं तर घाबरू नका. डीडीआर एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, म्हणून १६०० म्हणजेच ३२००.

सकाळीच का अडतं

नाशकात हा प्रश्न डिसेंबर-जानेवारीत जास्त छळतो त्याला कारण आहे. निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या येऊ लागतात त्या दिवसांत रात्रभर बंद असलेला पीसी सकाळी चांगलाच गार असतो. साठवून ठेवलेले ट्रेनिंगचे आकडे गरम अवस्थेतले असतात. गार चिप्स थोड्या वेगळ्या वागतात. काठावर चालणारी मेमरी मग काठावरून घसरते. पहिल्या प्रयत्नात काळी स्क्रीन, दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात चालू, दिवसभर काही नाही: हा नमुना दिसला तर स्टिक मेलेली नाही, वेगाला जागा उरलेली नाही असं समजा. वर सांगितलेली एक पायरी खाली उतरा.

सकाळच्या तक्रारीचं दुसरं कारण एका नाण्याएवढं असतं. आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय आहे. ते बंद असताना बोर्डाला स्टँडबाय वीज मिळत नाही आणि घड्याळ-सेटिंग सगळं सीआर२०३२ सेलवर चालतं, त्यामुळे तो लवकर उतरतो. मल्टिमीटरवर नवा सेल ३ व्होल्ट किंवा थोडा वर दाखवतो. २.८ च्या खाली असेल तर बदला. विंडोजमधली तारीख मागे जाणं, एक्सएमपी आपोआप बंद झालेलं दिसणं, रोज सकाळी 'सेटअपमध्ये जा' असा संदेश येणं, या सगळ्यांत आधी सेल बदलायचा, रॅम नाही.

आणि डीडीआर५ वाल्यांसाठी: रॅम बदलल्यावर किंवा सेल काढल्यावर पहिल्यांदा काळी स्क्रीन काही मिनिटं राहणं हे नॉर्मल आहे. ट्रेनिंग चालू असतं. चार स्टिक असतील तर आणखी वेळ लागतो. घाबरून मध्येच बंद केलं की ट्रेनिंग पहिल्यापासून. मोबाईलवर पंधरा मिनिटं लावा आणि तोपर्यंत बटणाला हात लावू नका. एएम५ बोर्डांवर 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' नावाची सेटिंग जुने आकडे वापरून सुरुवात लवकर करते. ती चालू असताना मधूनमधून निळी स्क्रीन येत असेल तर बंद करून बघा. चालू व्हायला वेळ जास्त लागेल, पण दर वेळी ट्रेनिंग ताजं असेल.

आता कॅबिनेट उघडा

शटडाऊन करताना शिफ्ट दाबून करा, म्हणजे फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धं झोपून राहत नाही. भिंतीचं बटण बंद, एसएमपीएसचं (पॉवर सप्लायचं) बटण बंद, मग केबल काढा. पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. कपॅसिटरमधली उरलेली वीज निघून जाते. बोर्डावरचा छोटा दिवा विझला की हात घाला.

केबल प्लगमध्ये ठेवून फक्त बटण बंद करा, म्हणजे अर्थिंग मिळत राहील, असंही सांगितलं जातं. ते भिंतीत खरंच अर्थिंग असेल तर. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यांत तीन पिनचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे तार असेलच असं नाही. कॅबिनेटला उघड्या पायाने हात लावल्यावर मुंग्या येतात? एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर अर्थिंगला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर ते कॅबिनेटला जवळपास ११५ व्होल्टवर लटकत ठेवतात. करंट अगदी कमी असतो, पण पोर्ट आणि चिप्ससाठी ते वाईटच. वायरमनला बोलावून फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजून घ्या. स्वतः सॉकेट उघडू नका.

थंडीत हवा कोरडी असते, अंगात लोकरीचा स्वेटर असतो, खुर्ची प्लॅस्टिकची; अंगावर स्थिर वीज साठते. स्वेटर काढा, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, दर दोन मिनिटांनी पुन्हा लावा. स्टिक कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका.

कॅबिनेट आडवं पाडा म्हणजे दाब सरळ खाली जाईल. आता स्टिक काढण्याआधी नीट बघा, शक्यतो मोबाईलने फोटो काढा. बऱ्याच नव्या बोर्डांवर स्लॉटला एकाच बाजूला खटका असतो, दुसरी बाजू स्थिर असते आणि ती ग्राफिक्स कार्डाखाली दडलेली असते. खटका 'टक्' वाजला की काम झालं असं वाटतं, पण स्थिर बाजू केसभर वर राहिलेली असते. मोठ्या एअर कूलरचा पंखा स्टिकच्या उंच हीटसिंकला टेकून तिला तिरकी करतो, हेही बघा. पंखा थोडा वर सरकवता येतो. स्टिक बसवताना दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सारखा दाब द्या, आधी एक बाजू मग दुसरी असं करू नका. फोटोत एखादी बाजू वर दिसली तर तुमचं कारण सापडलं. निम्मा लेख वाचायची गरज उरली नाही.

स्लॉट कुठले? प्रोसेसरपासून मोजायला सुरुवात करा: ए१, ए२, बी१, बी२. दोनच स्टिक असतील तर दुसरा आणि चौथा. बहुतेक घरगुती बोर्डांवर तारा आधी ए१ला जातात आणि ए२ला संपतात. स्टिक ए१मध्ये लावून ए२ रिकामा ठेवला तर तारेचं शेपूट मोकळं राहतं आणि सिग्नल तिथून उलटतो, रामकुंडाच्या पायरीवर आपटून लाट मागे येते तसा. कमी वेगाला तो गोंधळ चालून जातो, ३२०० ला नाही. जुनी जोडी आणि नवी जोडी मिसळताना जुनीच्या दोन्ही स्टिक ए२-बी२मध्ये आणि नवीच्या दोन्ही ए१-बी१मध्ये ठेवा. एक जुनी-एक नवी अशी जोडी एका रंगाच्या स्लॉटमध्ये नको.

पावसाळा, धूळ आणि खोडरबर

जून ते सप्टेंबर दमट हवेत महिनाभर बंद राहिलेला पीसी चालू न होण्यामागे बहुतेकदा पट्ट्यांवरचा थरच असतो. धूळ ओलावा धरून ठेवते. सातपूर किंवा अंबडच्या वर्कशॉपमध्ये ठेवलेल्या पीसीत तर ग्राइंडिंगची धातूची भुकटीही येते, आणि ती वीजवाहक असते. तिथे कॅबिनेटला जाळीचे फिल्टर लावणं आणि दर दोन महिन्यांनी साफ करणं हे रॅमच्या निवडीपेक्षा महत्त्वाचं आहे.

साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात 'आयपीए' म्हणून मागा. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते चिकट थर सोडतं. खोडरबर चालतो, पण मऊ पांढरा, हलक्या हाताने, एका दिशेने, आणि क्वचित. सोन्याचा थर फार पातळ असतो. दर आठवड्याला घासलं की तो जातो, खालचा धातू उघडा पडतो आणि मग खरंच दर आठवड्याला घासावं लागतं. रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण जातात. स्लॉटसाठी हाताचा ब्लोअर, मारताना पंखे बोटाने धरून ठेवा. वर्कशॉपमधल्या कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको. तिच्यात पाणी आणि तेल असतं.

साफ केल्यावर नीट चाललं आणि दोन महिने चाललं, तर कारण थर हेच होतं. आठच दिवस चाललं तर नव्हतं.

रात्रभराची तपासणी

इथे घाई नको. पूर्ण केली तर आठवडा जातो, पण त्यानंतर अंदाजाला जागा उरत नाही. स्टिकवर कागदी चिकटपट्टी लावून १ ते ४ आकडे घाला. पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम घ्या. काही बोर्डांवर त्यासाठी सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करावं लागतं. विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक ढोबळ आहे, ते स्वच्छ निघालं म्हणजे रॅम निर्दोष असं मानू नका.

एक्सएमपी बंद. फक्त १ नंबरची स्टिक, ए२मध्ये, किमान चार फेऱ्या. मग २, मग ३, मग ४, प्रत्येक एकटी. एक जरी चूक आली तरी ती स्टिक नापास. 'फक्त दोनच एरर आहेत' असं काही नसतं. चारही स्वच्छ निघाल्या तर एक चांगली स्टिक घेऊन ती चारही स्लॉटमधून फिरवा. मग जुनी जोडी. मग नवी जोडी. मग चारही, मूळ वेगाला. मग चारही, एक्सएमपी चालू. पहिल्यांदा चूक जिथे येते ती पायरी कारण सांगते. चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक. स्लॉटला चिकटून राहिली तर स्लॉट, बोर्ड किंवा प्रोसेसरचा सॉकेट. एकट्या चांगल्या, चार एकत्र मूळ वेगालाही वाईट, तर मिसळ जमत नाही. शेवटच्या पायरीलाच पडली तर वेग. चूक मेमरीत कुठे आली ते सांगणाऱ्या पत्त्यांकडेही लक्ष ठेवा: प्रत्येक फेरीत तोच पत्ता आला तर बहुधा चिपमधला एखादा कोश गेलाय, दर वेळी वेगळे पत्ते आले तर वेग, व्होल्टेज किंवा संपर्क.

एप्रिल-मेमध्ये तपासणी करत असाल तर एक फेरी दुपारी, बंद खोलीत, कॅबिनेटची बाजू लावून करा. रात्रीच्या गारव्यात पास झालेली सेटिंग दुपारी चाळिशी गाठलेल्या हवेत पडू शकते.

एक चॅनेलच दिसत नसेल, म्हणजे बी१ आणि बी२ दोन्हींत चांगली स्टिकही ओळखली जात नसेल, तर रॅम सोडा आणि प्रोसेसरकडे बघा. कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले असतील तर सॉकेटवरचा दाब असमान होतो आणि मेमरीच्या काही पिना नीट टेकत नाहीत. चारही स्क्रू समोरासमोर अर्धा-अर्धा फेरा सैल करून बघा. इंटेलच्या सॉकेटमध्ये वाकलेली पिनही हेच लक्षण दाखवते. ती बघायला टॉर्च तिरका धरा, रांगेतली एक पिन वेगळी चमकते. सरळ करण्याचं काम सवय असलेल्या माणसाचं. बोर्ड वॉरंटीत असेल तर पिनेला हात लावण्याआधी नियम वाचा.

बायोस अपडेट यानंतर. विशेषतः सुरुवातीच्या रायझन आणि डीडीआर५ बोर्डांना त्याने खरंच फरक पडतो. करताना एकच तपासलेली स्टिक, एक्सएमपी बंद, आणि पीसी यूपीएसवर. वळवाच्या संध्याकाळी, वीज ये-जा करत असताना करू नका.

लेबल वाचा

चारही स्टिक एकाच नावाच्या, एकाच वेगाच्या, तरी आतल्या चिप्स वेगळ्या असू शकतात. कॉर्सेअरच्या लेबलवर 'व्हर्जन' म्हणून आकडा असतो: ३ ने सुरू होणारा मायक्रॉन, ४ ने सॅमसंग, ५ ने हायनिक्स. दोन वर्षांपूर्वीच्या जोडीवर ४ आणि नवीवर ५ असेल तर त्या बहिणी नाहीत, नुसतं आडनाव एक आहे. काही लेबलांवर रँकही लिहिलेली असते: १आर म्हणजे सिंगल, २आर म्हणजे ड्युअल. सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबमध्ये प्रत्येक स्लॉटची चिप, रँक आणि प्रोफाइल दिसतं. दुकानात जाण्याआधी त्याचा फोटो घेऊन जा.

अजून खरेदी झाली नसेल तर आमचं मत सरळ आहे. ८ च्या दोन स्टिकला आणखी दोन जोडण्यापेक्षा १६ च्या दोनची एक जोडी घ्या आणि जुनी विकून टाका. डीडीआर५ वर तर याला पर्यायच समजू नका. दोन स्लॉटच्या छोट्या बोर्डावर ८ शेजारी १६ टाकलेली चालते. इंटेलवर पहिले ८-८ दोन चॅनेलने आणि उरलेले ८ एका चॅनेलने वापरले जातात.

एच६१ सारखे जुने बोर्ड अजून बऱ्याच घरांत आहेत, त्यांच्याबद्दल एवढंच: दोन स्लॉट, डीडीआर३, जास्तीत जास्त १६ जीबी. त्यासाठी ८ जीबीची स्टिक घेताना तिच्यावर दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप्स हव्यात. एकाच बाजूला आठ मोठ्या चिप्स असलेली किंवा 'फक्त एएमडीसाठी' म्हणून स्वस्तात मिळणारी स्टिक त्या इंटेल बोर्डावर चालत नाही, ती कितीही वेळा घासली तरी.

रॅम आहे, पण कमी दिसते

हा वेगळा आजार, पण तक्रार त्याच दमात येते. १६ टाकली आणि '१३.९ वापरण्याजोगी' दिसतं: प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सने २ जीबी राखून ठेवली आहे, बायोसमध्ये यूएमए फ्रेम बफर (ग्राफिक्ससाठी राखलेली रॅम) ५१२ एमबीवर आणा. बायोसमध्ये पूर्ण आणि विंडोजमध्ये कमी दिसत असेल तर एमएसकॉन्फिग उघडा, बूट टॅब, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथली 'मॅक्सिमम मेमरी' ची खूण काढा. विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या पुढे काहीच मिळणार नाही. बायोसमध्येच कमी दिसत असेल तर वरची स्लॉटची तपासणी.

सगळं जुळल्यावर सिस्टीम फाईल चेकर, म्हणजे विंडोजचं स्वतःच्या फाईल तपासणारं साधन, एकदा चालवा. खराब मेमरीच्या काळात विंडोजच्या स्वतःच्या फाईलही बिघडलेल्या असू शकतात, आणि मग रॅम निर्दोष असूनही निळी स्क्रीन येत राहते.

स्टिक परत करायची असेल तर

मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो घ्या, त्यात वेग दिसला पाहिजे. मूळ वेगाला नापास झालेली स्टिक नाकारणं कठीण. एक्सएमपीवर नापास झाली तर 'तुमचा बोर्ड झेपत नाही' हे उत्तर मिळतं आणि ते बऱ्याचदा बरोबरही असतं. बिलावर सिरियल नंबर आहे का बघा, नसेल तर खरेदीच्या वेळीच लिहून मागा. हीटसिंक काढू नका, स्टिकर फाडू नका. जोडी म्हणून घेतली असेल तर दोन्ही द्या, नाहीतर बदलून येणारी एकटी पुन्हा परकीच असेल.

दुकानाच्या टेस्ट बोर्डावर ती पास होण्याची शक्यता धरून चाला. म्हणून पूर्ण कॅबिनेट घेऊन जा आणि तुमच्याच बोर्डावर, एकच स्टिक, ए२मध्ये लावून दाखवा. नेताना ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं पिशवीत घ्या आणि कॅबिनेट रिक्षाच्या सीटवर आडवं ठेवा, मदरबोर्डची बाजू खाली. उभं ठेवून खड्ड्यातून गेलं तर मोठा कूलर सॉकेटला हिसके देतो, आणि मग दुकानात रॅमऐवजी दुसरीच तक्रार घेऊन पोचाल.